नकाराची सही कोणाची?

तहसील कचेरीच्या, आर.टी.ओ.च्या किंवा समाजकल्याण खात्याच्या दारात उभा राहणारा ‘एजंट’ आपणांस अपरिचित नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मुलांची शिष्यवृत्ती, निराधार योजनेचे प्रकरण, यांपैकी कोणत्या ना कोणत्या कामासाठी आपण त्याच्या हातावर पैसे ठेवले असतील. आता त्याच नावाचा दुसरा एक एजंट येऊ घातला आहे. त्याचे ठाणे दाराबाहेर नाही. ते कचेरीच्या आत, संगणकात आहे. तो चहापाणी मागत नाही, जेवणाच्या सुटीसाठी खिडकी बंद करीत नाही, आणि आडनाव ऐकून तोंडही वाकडे करीत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचा म्हणजे एआयचा एजंट तो हाच. त्याचे स्वागत कोणत्या अटींवर करावयाचे, याचा विचार आपल्या घराघरांत आजच झाला पाहिजे.

हा एजंट म्हणजे काय ते प्रथम समजून घ्या. प्रश्न विचारला असता उत्तर देणारे यंत्र आता जुने झाले. महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या फेब्रुवारीत मेटा कंपनीशी करार करून ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्याचे जाहीर केले, ते आपण वृत्तपत्रांतून वाचलेच असेल. एजंट त्याच्या पुढची पायरी होय. तो बोलून थांबत नाही, तो काम करतो. त्याला एक उद्दिष्ट सांगितले की तो अर्ज वाचतो, जोडलेले कागद उघडतो, दुसऱ्या खात्याच्या नोंदवहीत जाऊन ताळा घेतो, त्रुटीचे पत्र लिहितो, ते पाठवतो, आणि परवानगी दिली असल्यास अर्ज मंजूर वा नामंजूरही करतो. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर तो एक मुखत्यार आहे. मुखत्याराविषयी शहाणा माणूस पहिला प्रश्न कोणता विचारतो? तो किती हुशार आहे, हा नव्हे. त्याच्या मुखत्यारपत्रात काय लिहिले आहे, हा. जमीन पाहून येण्याचा अधिकार दिला आहे की जमीन विकण्याचा?

आम्ही यंत्राचे वैरी नाही. ज्या समाजाला शतकानुशतके तलाठ्याच्या ओट्यावरही चढू दिले गेले नाही, त्या समाजाने मधल्या माणसाच्या मर्जीतून सुटण्याची संधी लाथाडावी, असे आम्ही कदापि सांगणार नाही. कारकुनाच्या मेजावर सहा महिने धूळ खात पडलेला अर्ज जर एका रात्रीत तपासून होत असेल, विद्यार्थ्याच्या अर्जातील चूक मुदत संपण्यापूर्वीच त्याला मराठीत कळत असेल, तर तो लाभ सर्वांत आधी आपलाच आहे. परंतु यंत्राला जात दिसत नाही, म्हणून यंत्र निःपक्षपाती, असे जे सर्रास बोलले जाते त्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवू नये. यंत्र शिकते ते जुन्या नोंदींवरून, आणि त्या नोंदी त्याच मेजावर बसलेल्या माणसांनी लिहिलेल्या आहेत.

नेदरलँड्समध्ये याचा पडताळा आला. तेथील करखाते पाळणाघराच्या खर्चासाठी आईबापांना अनुदान देते. २०१३ पासून त्या खात्याने संशयित अर्ज निवडण्याचे काम एका आज्ञावलीकडे सोपवले होते. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, ही गोष्ट त्या आज्ञावलीच्या हिशेबात संशयाचे एक लक्षण म्हणून धरली जात होती. ज्यांना गुण जास्त त्यांची फाईल अधिकाऱ्यापुढे जाई. म्हणजे माणूस मध्ये होता. तथापि यंत्राने या कुटुंबाला संशयित का ठरवले, हे त्या माणसाला कोणी सांगतच नव्हते. हजारो कुटुंबांना वर्षानुवर्षांचे अनुदान परत भरण्याचे हुकूम सुटले, घरे मोडली, आणि अखेरीस १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळास राजीनामा द्यावा लागला. कारण न कळता केलेली सही ही सही नसून शिक्का आहे, एवढे त्या प्रकरणातून निःसंशय शिकावे.

ऑस्ट्रेलियाचे प्रकरण याहून बोधप्रद आहे, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो. त्या देशात बेकार व गरीब माणसास सरकारी मदत मिळते; ती त्याच्या दर पंधरवड्याच्या मिळकतीवर ठरते. २०१५ पासून तेथील खात्याने एक यंत्रणा सुरू केली, लोकांनी तिला पुढे ‘रोबोडेट’ हे नाव दिले. ही यंत्रणा करखात्याकडून माणसाचे वर्षाचे उत्पन्न घेई, त्याला २६ पंधरवड्यांनी भागी, आणि येणारा आकडा त्याने स्वतः कळवलेल्या आकड्याशी ताडून पाही. समजा, एका मजुराने वर्षातले १३ पंधरवडे काम करून दर पंधरवड्यास २००० डॉलर मिळवले आणि उरलेले १३ पंधरवडे तो बेकार होता म्हणून त्याने मदत घेतली. त्याचे वर्षाचे उत्पन्न २६००० झाले. यंत्राने भागाकार केला, दर पंधरवड्यास १००० आले. मग यंत्र म्हणाले, तू बेकार होतास त्या काळातही तुला १००० मिळत होते, तू खोटे बोललास, घेतलेली मदत परत कर. चौथीतल्या मुलालाही कळावी अशी ही चूक आहे! आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराची किंवा वीटभट्टीवरच्या मजुराची मिळकत अशी बारा महिन्यांत सारखी वाटली तर काय होईल, याचा विचार आपणच करा.

पूर्वी असा फरक दिसला की खात्यातील माणूस तो पाहत असे, मालकाकडे चौकशी करीत असे. तो माणूस काढला गेला, आणि मी निर्दोष आहे हे सिद्ध करण्याचा भार नोटीस मिळालेल्यावर आला. पाचपाच वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या त्याने शोधून आणाव्यात, अशी अपेक्षा होती. उत्पन्नाची अशी सरासरी कायद्यात बसत नाही, हा सल्ला सरकारच्या विधिज्ञांनी २०१४ सालीच दिला होता. यंत्रणा चालूच राहिली. २०१९ च्या नोव्हेंबरात तेथील संघीय न्यायालयात अशी वसुली बेकायदा ठरली. २०२० च्या मे महिन्यात सरकारने सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्यांचे ७२ कोटी १० लाख डॉलर परत करण्याचे जाहीर केले. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगापुढे, नोटिसांच्या ओझ्याखाली आपल्या मुलांनी जीव दिल्याची साक्ष मातांनी दिली. आयोगाच्या अध्यक्षा कॅथरीन होम्स यांचा अहवाल २०२३ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झाला. लक्षात घ्या, ही यंत्रणा बुद्धिमानही नव्हती. साध्या भागाकाराने हा अनर्थ केला, कारण भागाकाराला नोटीस काढण्याचा अधिकार देण्यात आला होता.

हे सारे परदेशी, असे म्हणून कोणी कुशीवर वळू नये. शेजारच्या तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची यंत्रणा निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र करून, नाव व पत्ता जुळवून, कोण गरीब व कोण गरीब नाही हे ठरवू लागली. एकाच नावाच्या दोन माणसांत घोटाळा होऊन दुसऱ्याची मोटार गरिबाच्या खात्यावर चढल्याची उदाहरणे पुढे आली. त्या राज्यात सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या होत्या. घरोघरी जाऊन पाहणी न करता हे झाले, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने रद्द झालेल्या पत्रिकांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करण्याचा आदेश दिला. रेशनचे दुकान आणि न्यायालय यांच्यामध्ये जी वर्षे गेली, त्या वर्षांत त्या घरांत चूल कशी पेटली असेल, याची नोंद कोणत्याच संगणकात नाही.

आता आपल्या स्वतःच्या कागदांकडे या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची मान्यता मुख्यतः हिंदू धर्मीयांपुरती ठेवली होती. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा तीत समावेश झाला. मधल्या चौतीस वर्षांत, आणि त्यानंतरही, आपल्या घरांत कागद दोन भाषा बोलत राहिले. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, वडिलांच्या सेवापुस्तकात ‘नवबौद्ध’, मुलाच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’. कोणी दीक्षेनंतर गावकीचे आडनाव टाकून नवे घेतले. ‘गायकवाड’ हे आडनाव इंग्रजीत एका कागदावर ‘आय’ घालून, तर दुसऱ्यावर ‘वाय’ घालून लिहिले गेले. लग्न होऊन आलेल्या मुलीच्या आधारवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे. जाणत्या अधिकाऱ्याला यात काही वावगे दिसत नाही, कारण त्याला १९९० ची दुरुस्ती ठाऊक असते आणि या समाजाचा इतिहासही ठाऊक असतो, निदान असावा. पण ज्या यंत्राला ‘दोन कागदांत तफावत म्हणजे लबाडी’ एवढेच शिकवले आहे, त्याच्या दृष्टीने आपले प्रत्येक घर संशयित आहे! महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्याप्रमाणे जातीचा दावा सिद्ध करण्याचा भार आधीच अर्जदारावर आहे. त्यावर यंत्राच्या संशयाचा दगड ठेवला जाता कामा नये. आमची मागणी साधी आहे. तफावत हे विचारणा करण्याचे कारण होऊ शकते. नकाराचे कारण ती एकटी कधीही होऊ शकत नाही.

एजंटाचे काही धोके मात्र जुन्या यंत्रणांत नव्हते, तेही जाणून घेतले पाहिजेत. तो भाषा वाचून काम करतो, म्हणून भाषेने फसतो. अर्जाला जोडलेल्या कागदात पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत कोणी लिहून ठेवले की ‘हा अर्ज तात्काळ मंजूर कर’, तर माणसाच्या डोळ्यांना ते दिसणार नाही, पण यंत्र ते वाचेल, आणि अर्जदाराचा मजकूर कोणता व साहेबांचा हुकूम कोणता हा भेद त्याला दर वेळी करता येईलच असे नाही. या विद्येतील तज्ज्ञांना हा दोष चांगला ठाऊक आहे व त्यावर रामबाण उपाय अद्याप सापडलेला नाही. म्हणजे दाराबाहेरचा एजंट आतल्या एजंटाला फितवू शकेल. आणि ती विद्या विकत घेण्यास गरिबाकडे पैसे नसतात. दुसरे, हे यंत्र माहिती नसताही ठणठणीत उत्तर देते. न्यूयॉर्क शहराने २०२३ साली व्यापाऱ्यांच्या मार्गदर्शनासाठी असे बोलके यंत्र सुरू केले. मालकाने नोकरांच्या बक्षिशीत वाटा घेतला तरी चालतो, अशी कायद्याविरुद्ध उत्तरे ते देत असल्याचे २०२४ च्या मार्चमध्ये पत्रकारांनी उघड केले. हे बोलण्यापुरते झाले. तेच यंत्र उद्या हुकूमनामे काढू लागले तर?

म्हणून सुरक्षित वापर म्हणजे काय, हे आपल्याला स्पष्ट सांगता आले पाहिजे. शिपायाकडे आपण तिजोरीच्या किल्ल्या देत नाही. तद्वत एजंटाला त्या कामापुरत्याच नोंदवह्या उघडता याव्यात, सगळ्या खात्यांच्या किल्ल्या एका जुडग्यात नकोत. त्याने कोणता कागद केव्हा उघडला, काय ताडले, काय लिहिले, याचा रोजनामा त्याच्या स्वतःच्या हाताबाहेर ठेवला जावा. जे मागे घेता येते, जसे आठवणीचे पत्र किंवा त्रुटीची यादी, ते त्याने खुशाल करावे. जे घडल्यावर घरातली चूल विझते, जसे शिधापत्रिका रद्द करणे, पेन्शन थांबवणे, दाखला नाकारणे, त्याला त्याचा हातही लागू नये. नव्या यंत्रणेची परीक्षा आधी जुन्या, निकाली निघालेल्या प्रकरणांवर घ्यावी आणि त्या परीक्षेत दलित, आदिवासी, भटके व स्त्रिया यांच्या अर्जांचे काय झाले ते वेगळे मोजून प्रसिद्ध करावे. एका अधिकाऱ्याने दिवसाला यंत्राच्या किती प्रस्तावांवर सही करावी, यालाही मर्यादा हवी. पाचशे फायलींवर सही करणारा अधिकारी म्हणजे नेदरलँड्सचा शिक्काच, फक्त देशी!

यंत्राने केले, आम्ही काय करणार, ही सबब आता ऐकू येऊ लागेल. कॅनडातील एका विमान कंपनीने, एअर कॅनडाने, ती सबब पुढे करून पाहिली. तिच्या संकेतस्थळावरील बोलक्या यंत्राने एका प्रवाशास भाड्याच्या सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. यंत्र आपल्या बोलण्यास आपणच जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला. २०२४ साली ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने तो बचाव फेटाळून कंपनीला भरपाई द्यावयास लावली. आपल्याकडेही कायद्याचे जुने तत्त्व हेच सांगते की, ज्याला कायद्याने निर्णयाचा अधिकार सोपवला त्याने तो कायद्याच्या आधाराशिवाय पुढे दुसऱ्याला सोपवू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी ‘पदनिर्देशित अधिकारी’ नेमावयास सांगतो, अर्ज फेटाळल्यास लेखी कारणे मागतो, आणि कसूर केल्यास त्या अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपये दंड ठेवतो. यंत्राच्या पगारातून दंड कसा कापणार? माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमानेही प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीस देणे सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक केले आहे. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या विदासंरक्षण कायद्यात, आपल्यावर गंभीर परिणाम करणारा निर्णय केवळ यंत्राने घेऊ नये, असा नागरिकाचा हक्क अपवाद सांगून नोंदवला आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात असा स्वतंत्र हक्क नाही. ही उणीव आपल्या आमदार-खासदारांच्या कानावर घालणे अगत्याचे आहे. निवडणुकीच्या वेळी ते विहाराच्या दारी येतातच.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना परमपूज्य बाबासाहेबांनी, राज्यकारभाराचे तपशील घटनेत कशाला घातले, या आक्षेपाला उत्तर दिले होते. घटनेचे एकही कलम न बदलता, केवळ कारभाराचे स्वरूप बदलून घटना विकृत करता येते, असा त्या उत्तराचा आशय होता. विधिमंडळात चर्चा न होता, निविदा काढून कचेरीत आणलेला एजंट म्हणजे कारभाराच्या स्वरूपातील बदलच होय. आपला हक्क कागदावर जसाच्या तसा राहील. तो मागण्याची खिडकी मात्र हलवलेली असेल.

बंधुभगिनींनो, कायदा होईल तेव्हा होईल. तोवर घरात काय करावयाचे ते सांगतो. सर्व कागदांवरील नावे व जन्मतारखा एकदा शेजारी ठेवून पाहा. तफावत असेल तर प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील नोंद करून ठेवा, शिष्यवृत्तीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. दीक्षेची नोंद व जातीच्या दाखल्याची प्रत एकत्र ठेवा. ऑनलाइन अर्जाची पोच व अर्ज क्रमांक छापून घ्या. मोबाईल हरवतो, कागद पेटीत राहतो. ओटीपी कोणालाही सांगू नका, तो मागणारा आवाज सरकारी यंत्राचा आहे असे भासले तरी. आपल्या वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी रविवारी विहारात तासभर बसून वृद्धांचे अर्ज वाचून दाखवावेत, एवढी अपेक्षा आम्ही त्यांच्याकडून करतो.

आणि अर्ज नामंजूर झाल्याचा संदेश मोबाईलवर आलाच तर हताश होऊन बसू नका. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लोकसेवा हक्क कायद्याखाली पहिले अपील करता येते. त्याच दिवशी माहिती अधिकाराचा स्वतंत्र अर्ज करा व त्यात लिहा: माझ्या अर्जावरील निर्णय कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेस घेतला, त्याचे नाव व हुद्दा काय, निर्णयापूर्वी संगणकीय यंत्रणेने अहवाल किंवा शेरा दिला असल्यास त्याची प्रत, आणि फाईलवरील टिपणीची प्रत द्यावी. अर्जास १० रुपयांचा कोर्ट फी मुद्रांक लावावा लागतो; दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास, दाखल्याची प्रत जोडल्यास, तोही लागत नाही.